मनातले मांडे आणि सात पेले: टॅरोचा ‘सेव्हन ऑफ कप्स’ कसा वाचावा

बेळगावकडच्या माणसाला मांडा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. तिंबून मुरवलेल्या कणकेत साखरेचं सारण भरायचं, तो गोळा हातांवर झेलत, फिरवत पातळ करायचा आणि पालथ्या कढईवर पसरायचा. कणीक कमी मुरली असेल, सारणात खडा राहिला असेल, हात एका बाजूला जड पडला असेल, तर मांडा कढईपर्यंत पोचायच्या आधीच फाटतो. मनातल्या मांड्याचं तसं नाही. तो हवा तेवढा मोठा होतो, हवा तेवढा पातळ होतो आणि कधीच फाटत नाही.

‘मनात मांडे खाणं’ या वाक्प्रचाराचं चित्र काढायला कुणाला सांगितलं, तर ते टॅरोच्या, म्हणजे भविष्य वाचायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांतल्या, एका पत्त्यासारखं होईल. तो पत्ता म्हणजे सेव्हन ऑफ कप्स, सात पेले. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ एका ओळीत उरकतात: भ्रम आहे, फसवणूक होईल, सावध राहा. हा अर्थ अर्धवट आहे, आणि आधीच गोंधळलेल्या माणसाला तो आणखी घाबरवतो. पत्ता कल्पनेला वाईट म्हणत नाही. मांडा आधी मनातच तयार होतो. या सातांपैकी कढईवर कुठला गेला आहे, एवढंच पत्ता विचारतो.

चित्रात नेमकं काय आहे

आज सगळ्यात जास्त वापरला जाणारा टॅरो संच १९०९ साली लंडनच्या रायडर प्रकाशनाने काढला. कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. संचात ७८ पत्ते: २२ मेजर अर्काना (मोठे, नावाचे पत्ते) आणि ५६ मायनर अर्काना (लहान, रंगांचे पत्ते). मायनरमध्ये पेले, काठ्या, तलवारी आणि नाणी असे चार रंग, प्रत्येकाचे १४ पत्ते. पेले म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे भावना, नाती, ओढ. म्हणजे सात पेल्यांचा गोंधळ हा मुळात हिशेबाचा गोंधळ नाही, ओढीचा आहे. पुढे कागदावर हिशेब मांडायचा आहे, तेव्हा हे ध्यानात ठेवा.

पत्ता हातात घेऊन नीट बघा. करड्या ढगांवर सात पेले तरंगताहेत, वर तीन, खाली चार. समोर एक माणूस आपल्याकडे पाठ करून उभा आहे, हात दचकल्यासारखा वर आलेला. हा माणूस पूर्ण काळा आहे. रंग सगळा पेल्यांत, माणसाच्या वाट्याला नुसती सावली. समोरच्या चित्रांत जीव एवढा अडकला की पाहणाऱ्याला स्वतःचा चेहरा उरत नाही, हे स्मिथबाईंनी एकही शब्द न लिहिता दाखवलं आहे.

वरच्या ओळीत एका पेल्यात माणसाचं मस्तक, मधल्यात पांढऱ्या वस्त्राने झाकलेली, हात पसरलेली, आतून उजळलेली आकृती आणि तिसऱ्यात साप. खालच्या ओळीत उंच कड्यावरचा किल्ला, रत्नं-दागिने, पानांचा विजयमुकुट आणि ड्रॅगन. वेट यांनी १९१०च्या आपल्या पुस्तकात या पत्त्याचा अर्थ कल्पना, भावविवशता, चिंतनाच्या आरशात दिसलेली दृश्यं असा दिला आहे. या पातळीवर थोडंफार साधतं, पण टिकाऊ, भरीव असं काही हाती लागत नाही, असंही ते सांगतात. एकेका पेल्याचा अर्थ मात्र त्यांनी लिहिलेला नाही, तो नंतरच्या वाचकांनी लावला. म्हणून ‘साप म्हणजे शत्रू’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, तर ती दगडावरची रेघ समजू नका.

सापाचंच घ्या. इंग्रजी पुस्तकांत तो मोह, मत्सर, कपट. नागपंचमीला लाह्या वाहणाऱ्या घरातल्या माणसाला तोच साप राखणदार वाटू शकतो. दोन्ही अर्थ चालतात, पण ज्याच्यासाठी पत्ता वाचतोय त्या समोरच्या माणसाकडून तो अर्थ आला पाहिजे. ड्रॅगन आपल्या गोष्टींत नाही, पहिल्यांदा बघणाऱ्याला ती घोरपड वाटते किंवा मगर. नाव काहीही द्या, प्रश्न एकच: यातली कुठली गोष्ट तुम्हाला भीती घालते आणि तरी सोडवत नाही? कड्यावरचा किल्ला म्हणजे घर, सत्ता, स्थिर ठिकाण. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे खालून बघितल्यावर जे वाटतं तेच: दिसतो जवळ, चढायला लागल्यावर वेळ कळतो. दागिने म्हणजे पैसा. मस्तक म्हणजे जोडीदार, किंवा आपल्याला हवंहवंसं कुणाचं रूप.

विजयमुकुटाचा पेला भिंगाखाली धरण्यासारखा आहे. वर पानांचा मुकुट, आणि पेल्याच्या पोटावर, छायेच्या रेघांत, कवटीचा भास होतो. स्वस्तातल्या छपाईत ती बुजून जाते. मान-सन्मानाच्या खाली त्याची किंमतही कोरलेली आहे, असं बहुतेक जाणकार वाचतात.

आणि मधला, झाकलेला. सातांत तेवढ्याच पेल्यातलं काय आहे ते दिसत नाही. काहींच्या मते तो आत्मा, काहींच्या मते अजून न ओळखलेलं स्वतःचं रूप. आमच्या मते वाचनात याला सगळ्यात जास्त वेळ द्यावा, कारण उरलेल्या सहांत दिसतं ते बाहेरून आलेलं असतं: शेजारच्याचं घर, भावाचा पगार, मोबाइलवर बघितलेलं लग्न. झाकलेल्यात काय आहे ते दुसऱ्या कुणाकडे बघून ठरवता येत नाही.

आधीचा पत्ता, नंतरचा पत्ता

सात एकटा वाचला की फसतो. शेजारी सहा आणि आठ पेल्यांचे पत्ते काढून ठेवा. सहामध्ये पेले जमिनीवर आहेत, त्यांत फुलं आहेत, बालपणीची ओळखीची जागा आहे. आठमध्येही पेले जमिनीवर रचलेले, माणूस मात्र त्यांच्याकडे पाठ फिरवून डोंगराकडे निघाला आहे. फक्त सातमध्ये पेले ढगावर आहेत. ओळखीचं सुख मागे पडलं, पुढचं अजून जमिनीवर उतरलेलं नाही, अशी ही मधली अवस्था. दहावी-बारावीनंतरची सुट्टी, नोकरी सुटल्यानंतरचे दोन महिने, जमीन विकल्यावर पैसा बँकेत पडून असण्याचा काळ, सगळे सातचे काळ आहेत.

टॅरोकडे काही लोक प्राचीन इजिप्तची विद्या म्हणून बघतात. ती समजूत १७८१मध्ये एका फ्रेंच लेखकाने पसरवली, पुरावा त्याला नाही. टॅरो हा पंधराव्या शतकात उत्तर इटलीत सुरू झालेला पत्त्यांचा खेळ. भविष्य सांगायला त्याचा वापर बोकाळला तो अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. आंबोली घाट उतरला की सावंतवाडी, तिथे हाताने रंगवलेली गंजिफा होते. दशावतारी गंजिफेचे १२० गोल पत्ते असतात. चित्रं देवांची, पण ती खेळायची. टॅरोचंही मूळ असंच, आणि ते माहीत असलं की पत्त्याचा उगाच धाक वाटत नाही.

तुमचा संच कुठला, हेही आधी बघा. जुन्या फ्रेंच, मार्सेय पद्धतीच्या संचात या पत्त्यावर फक्त सात पेले रांगेत मांडलेले असतात. ढग नाही, साप नाही, किल्ला नाही. अलेस्टर क्रोली या इंग्रज गूढविद्यावाल्याच्या थॉथ संचात याच पत्त्याचं नाव विलासाचा अतिरेक अशा अर्थाचं आहे, आणि पेल्यांतून हिरवट चिकट द्रव ठिबकतो. तिथला अर्थ जास्त कडक. एका संचाचं पुस्तक आणि दुसऱ्या संचाचे पत्ते ही चूक नवशिके सर्रास करतात.

पंचांगाशी घोळ घालू नका. एकोणिसाव्या शतकाअखेरच्या ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या इंग्रजी मंडळाने या पत्त्याला ‘मायावी यश’ अशा अर्थाचं नाव दिलं आणि वृश्चिकेतला शुक्र जोडला. वृश्चिकेचा शेवटचा तिसरा भाग, साधारण १३ ते २२ नोव्हेंबर. पण हे सायन, म्हणजे ऋतूंवरून राशी मोजणारं, गणित आहे. आपल्या निरयन, म्हणजे ताऱ्यांवरून मोजणाऱ्या, पंचांगात सूर्य वृश्चिकेत जातोच मुळी १६ नोव्हेंबरच्या सुमाराला. म्हणून या पत्त्यावरून ‘अमुक तारखेला होईल’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नये. शुक्र-वृश्चिकेतून घ्यायचं ते एवढंच: गोडी आहे, पण पाणी साचलेलं आहे.

डाव मांडताना

डाव म्हणजे एक प्रश्न मनात धरून काढलेले आणि मांडलेले पत्ते. प्रश्न जवळचा ठेवा. पावसाळ्यात चोर्ला घाटातून गाडी काढणाऱ्याला माहीत असतं, धुक्यात हायबीम लावली की उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. लाइट खाली घ्यावा लागतो, मग पुढची दहा-पंधरा फूट रस्त्याची कड दिसते. ‘माझं पुढे काय होणार?’ हा हायबीमचा प्रश्न. त्याला सात पेले आले तर पत्ता तुम्हाला तुमचाच प्रश्न परत देतो. ‘या महिन्यात कुठल्या एका गोष्टीची चौकशी करू?’ असं विचारलं की कड दिसायला लागते.

टॅरोचे पत्ते साध्या पत्त्यांपेक्षा मोठे, त्यामुळे आपण ते बहुधा वरखाली पिसतो. तसे पिसताना पत्त्यांचे गठ्ठे तसेच राहतात. वीस-पंचवीस वेळा पिसा, मधे दोनदा काटा. उलटे, म्हणजे चित्र डोक्यावर आलेले, पत्ते वाचायचे असतील तर निम्मा गठ्ठा एकदा फिरवून मिसळावा लागतो, नाहीतर उलटा पत्ता येणारच नाही. तीन पत्त्यांच्या डावात सात पेले यायची शक्यता २६त १, दहा पत्त्यांच्या मोठ्या डावात साधारण ८त १. आठवड्यात तीनदा आला तर आधी पिसणं तपासा, नशीब मागाहून.

पत्ता उलटा आला तर काय? वेट यांनी उलट्याचे अर्थ इच्छा, संकल्प, निर्धार, आखलेला बेत असे दिले आहेत. ढग विरतोय, एक पेला हातात येतोय. इंटरनेटवर मात्र उलट्यालाही ‘आणखी मोठा भ्रम’ म्हणणारे भेटतात. दोन्ही एकाच वाचनात वापरू नका. एक पद्धत धरा आणि वर्षभर तीच ठेवा.

गोंधळ होतो तो इतर पत्त्यांशीही. चंद्र या मेजर पत्त्यातही भ्रम आहे, पण तिथे अंधारात दिसत नाही म्हणून भीती आहे, इथे फार दिसतंय म्हणून पाय हलत नाही. दोन तलवारींत डोळ्यांवर पट्टी आहे, तिथे निर्णय टाळलेला आहे. चार पेल्यांत समोर आलेला पेला नको आहे, कंटाळा आहे. प्रेमी या पत्त्यात निवड आहे, पण ती मनाला पटणाऱ्या दोन खऱ्या गोष्टींत. सात पेल्यांत निवड अजून सुरूच झालेली नाही, कारण निवडायला खऱ्या गोष्टीच समोर नाहीत.

‘खरं’च्या पुढे काय येतं

आपल्या बेळगावकडच्या मराठीत ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणतात. पत्ता बघून समोरचा बोलायला लागतो तेव्हा हा शब्द ऐकायला कान टवकारून बसावं. समजा, खानापूर तालुक्यातली सेकंड पीयूसी (बारावी) झालेली मुलगी आली आहे. “अक्का, सगळंच बरं वाटतंय, खरं एक काय ठरत नाही.” इंजिनिअरिंग करायचंय, खरं गणित नको वाटतं. गोव्यात हॉटेलात मावसभाऊ आहे, खरं घरचे सोडणार नाहीत. धारवाडला राहून स्पर्धा परीक्षा द्यायची, खरं बाबांचा पगार. यातला ‘खरं’च्या आधीचा भाग ढगावरचा पेला आहे. ‘खरं’च्या पुढचा भाग जमिनीवरचा. तोच लिहून घ्यायचा.

एक कागद, सात ओळी, आणि प्रत्येक ओळीत चार गोष्टी: नाव, पहिला खर्च रुपयांत, एक तारीख, आणि ज्याला विचारायचं तो माणूस किंवा ती कचेरी. ‘इंजिनिअरिंग’ हे नाव चालणार नाही. कुठलं कॉलेज, कुठली शाखा, सीईटीतल्या क्रमांकावर ती मिळते का, हे लिहावं लागतं. ‘धारवाड’ लिहून भागत नाही, खोलीचं भाडं आणि मेसचा महिना लिहावा लागतो. चार रकाने भरायला बसलं की बहुधा दोन-तीन ओळी पहिल्या रकान्यातच थांबतात. त्या खोट्या होत्या असं म्हणू नका. त्यांची कणीक अजून मुरलेली नाही. त्या खाली वेगळ्या लिहून ठेवा.

सात ओळी भरतच नाहीत, चारच सुचतात, असंही होतं. मग ओढून-ताणून सात करू नका. उलट पंधरा सुचल्या तर सातवर थांबवा, आणि कुठल्या आठ सोडताना जीव तुटला ते बघा. पत्त्यापेक्षा ते जास्त सांगून जातं.

दुसरं उदाहरण पैशाचं. बेळगावातल्या वडगाव-शहापूरकडच्या एखाद्या विणकर घरात पॉवरलूम चालू आहे. माग विकून दुकान टाकायचं, साड्या मोबाइलवरून विकायच्या, मुलाला बेंगळुरूला पाठवायचं, की कुणी सांगितलेल्या दामदुप्पट योजनेत पैसे घालायचे? इथे सात पेले आले तर दागिन्यांच्या पेल्याला वेगळा नियम लावा. जो पेला इतरांपेक्षा जास्त चकाकतो, कष्ट सांगत नाही आणि ‘आजच ठरवा’ म्हणतो, त्याची कागदपत्रं मागितल्याशिवाय त्याची ओळ लिहायचीच नाही. पैसे कोण घेतं, पावती कुणाच्या नावाची, परत मागितले तर कुठे जायचं, हे तीन प्रश्न. उत्तर तोंडी आलं की तो पेला ढगातच. माग विकण्याचं मात्र लगेच खोडू नका. तिथे आकडे मिळतात: वीजबिल, सुताचा भाव, एका साडीमागे सुटणारी मजुरी. आकडे असलेला कंटाळवाणा पेला बिनआकड्यांच्या सुंदर पेल्यापेक्षा आधी वाचावा.

वाचणाऱ्याकडूनच चूक होते ती इथे. समोरच्याचा कल दिसला की आपण त्याला आवडणारा पेला उचलून ‘हाच तुमचा’ म्हणतो. तो खूश होऊन जातो, आपलंही नाव होतं. मग त्याच्या ढगात आठवा पेला आपणच ठेवलेला असतो. या पत्त्यावर निर्णय देऊ नये, फक्त चौकशीची पुढची पायरी द्यावी. आजारपण, औषध, कोर्टकचेरी, गहाणखत यांचा प्रश्न असेल तर पत्ते बाजूला ठेवून डॉक्टरकडे, वकिलाकडे पाठवावं, आणि ते स्पष्ट बोलावं.

शेजारी कुठला पत्ता आला यावरून सूर बदलतो. नाण्यांचा एक्का आला तर सातांतली एक गोष्ट जमिनीवर उतरायला तयार आहे, आणि ती बहुधा सगळ्यात लहान असते. तलवारींची राणी आली तर काट मारायला बसा. ‘फूल’ (इंग्रजीत वेडा), म्हणजे कड्याच्या टोकावरचा भोळा मुसाफिर, आला तर कागद आधी, उडी नंतर. सैतानाचा पत्ता आला तर सापाचा आणि दागिन्यांचा पेला पुन्हा विचारा, सवयीची किंवा कर्जाची गोष्ट कुठे लपली आहे का बघा.

एका प्रश्नावर एकदाच डाव मांडावा. उत्तर आवडलं नाही म्हणून त्याच संध्याकाळी पुन्हा पिसणं म्हणजे आणखी सात पेले मागणं. निदान एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत थांबा, आणि तोवर कागदावरच्या दोन ओळींच्या तारखा तरी पाळा. खानापूरच्या त्या मुलीच्या कागदावर पहिली तारीख सोमवारची असेल, काम एवढंच: धारवाडच्या वसतिगृहात फोन करून महिन्याचा खर्च विचारणं.

झाकलेल्या पेल्यासाठी आठवी ओळ ठेवा. तिला नाव, खर्च, माणूस काही लिहायचं नाही, फक्त तारीख टाकायची. दर वेळी कागद काढला की त्या ओळीवर बोट ठेवून विचारायचं, आता काही लिहावंसं वाटतं का? नाही वाटलं तर तारीख पुढे ढकलायची आणि कागद घडी करून पत्त्यांच्या डबीत ठेवायचा.